मन्मथअप्पांचा जाब्ता

ताडकळसच्या वाचनालयात पुस्तक घ्यायचं असेल तर आधी हात दाखवावे लागतात. दोन्ही हात; तळवे वर, मग पालथे, बोटं फाकवून. टेबलाच्या पलीकडून मन्मथअप्पा चष्मा कपाळावर सरकवून बघतात आणि निकाल सांगतात.

"हळद हाय. धुऊन या."

"चुना हाय. तंबाकू मागून मळा, आधी पुस्तक घ्या."

दाराशी रांजण आहे, त्यावर तांब्या, शेजारी डबीच्या झाकणात साबणाची वडी आणि खिळ्याला पंचा. पंचा अप्पा रोज सकाळी स्वतः धुतात. एकदा तालुक्याहून एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी नोंदवही मागितली. अप्पा म्हणाले, "हात दाखवा, साहेब."

साहेबांचा गैरसमज झाला. त्यांनी उजवा तळवा पुढं केला आणि खालच्या आवाजात विचारलं, "बदलीचा योग दिसतो का?"

"योगाचं ठाऊक न्हाई," अप्पा म्हणाले. "शेंगदाण्याचं तेल दिसायलंय. भजे खाल्ले का?"

साहेबांनी हात धुतले. तपासणीचा शेरा चांगला आला. अप्पांच्या मते तो हात धुतल्यामुळे आला.

मी परभणीच्या एका दैनिकात बातमीदार आहे. अप्पांकडे पहिल्यांदा गेलो तो अकरा वर्षांपूर्वी, आमच्याच दैनिकाचे जुने अंक बघायला. आमच्या कार्यालयातल्या फायली उंदरांनी आणि माजी संपादकांनी वाटून घेतल्या होत्या. अप्पांकडे एकूण एक अंक होता, महिन्यावार शिवलेला. मला त्यांनी दोनदा हात धुवायला पाठवलं. तिसऱ्यांदाही तर्जनीवरची शाई निघाली नाही तेव्हा ते म्हणाले, "बातमीदाराचं बोट हाय, निघायचं न्हाई." आणि पानं उलटायला मला एक कोरी शिसपेन्सिल दिली, उलट्या बाजूनं.

अप्पांचं वय बाहत्तर. अंगानं काटक, सदरा पांढरा, पायजमा घोट्याच्या वर. गळ्यात दोन दोरे. एकात लिंगाची चांदीची डबी, दुसऱ्यात संशोधन विभागाची किल्ली. दोन्ही आंघोळीच्या वेळीसुद्धा काढत नाहीत असं ते सांगतात. संशोधन विभाग म्हणजे एक लोखंडी कपाट आहे. त्यात कव्हर गेलेलं जिल्ह्याचं गॅझेटियर, उर्दूतली पीकपाहणीची दोन बाडं, सत्तावीस वर्षांची पंचांगं आणि ज्वारीच्या वाणांवरच्या काही सरकारी पुस्तिका आहेत. कपाट उघडायचं तर अप्पांनी स्वतः आखलेला एक फॉर्म भरावा लागतो: नाव, गाव, विषय, आणि विषय कशासाठी. स्पर्धा परीक्षेच्या एका विद्यार्थ्यानं विषयाच्या रकान्यात 'सहज' असं लिहिलं होतं.

"सहज हा काय इषय झाला?" अप्पांनी विचारलं. "सहज बघायला हे काय बांगड्यांचं दुकान हाय?"

त्यांचा लाडका शब्द 'जाब्ता'. रीतसर पद्धत, ठरलेला नियम, असा त्याचा अर्थ. निजामाच्या कचेऱ्यांतून तो आमच्या भागात आला आणि बहुतेकांच्या तोंडून कधीच गेला. अप्पांकडे तो अजून नोकरीला आहे. "जाब्त्यानं या." "जाब्त्यात बसत न्हाई." "बिल न्हाई तर नोंद न्हाई, नोंद न्हाई तर पुस्तक न्हाई. हा जाब्ता हाय."

पंधरा दिवसांत पुस्तक परत आलं नाही तर अप्पा दंड घेत नाहीत. ते घरी येतात. एका शिक्षकांकडं ते असेच गेले. शिक्षक म्हणाले, "अप्पा, तीस-चाळीस पानं राहिलीत, उद्या आणून देतो."

"उद्या कशाला? वाचा. मी बसतो."

"आत्ता? मला शाळेत जायचंय."

"मंग भराभर वाचा."

अप्पा ओट्यावर बसले. शिक्षक उभ्याउभ्या वाचू लागले. मध्ये चहा आला, तो अप्पांनी घेतला नाही, कारण वसुलीला गेल्यावर चहा घेणं जाब्त्यात बसत नाही. शेवटचं पान झाल्यावर अप्पांनी पुस्तक काखेत घेतलं आणि विचारलं, "कसं वाटलं?" शिक्षक म्हणाले, "घाम फुटला." अप्पांनी ही प्रतिक्रिया अभिप्रायाच्या वहीत लिहून घेतली. रहस्यकथा असल्यामुळे ती तिथं शोभूनही दिसते.

अप्पांनी लग्न केलं नाही. जेवायला ते दोन्ही वेळा बसस्टँडमागच्या खाणावळीत जात. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, गिरजाअक्कांची. अक्का अप्पांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि शिक्षक, बँकेतले लोक, दवाखान्यातला कंपाउंडर अशा एकट्या माणसांना जेवायला घालू लागल्या. शिकल्या सातवीपर्यंत. भाऊ जेवढा बोले तेवढ्या त्या गप्प. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. खाणावळ बंद झाली. तेव्हापासून अप्पा सकाळी स्टँडवरचे पोहे खातात आणि रात्री दूध-भाकरी. भाकरी शेजारून येते. ताट दाराशी ठेवलं जातं, दाराशीच परत ठेवलं जातं. अप्पांच्या घरात तोवर कुणी जात नसे. त्यांनी कधी कुणाला बोलावलेलंही नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी त्यांचा मला फोन आला. "कलकत्त्याला यायलाव का?"

मी विचारलं, "कशाला?"

"काम हाय. फोनवर सांगायचं न्हाई."

मी ताडकळसला गेलो. हात धुतले. अप्पांनी टेबलाच्या खणातून एक जुनी पोहोच-पावती काढली. रजिस्टर पार्सल पोचल्यावर पोस्टातून परत येते ती. अक्कांच्या ट्रंकेत, चहाच्या डब्यात सापडली होती. पाठवणार: गिरजाबाई, मुक्काम ताडकळस. घेणार: राष्ट्रीय ग्रंथालय, कलकत्ता. खाली गोल शिक्का आणि कुणाची तरी आखूड सही.

प्रकरण असं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी अक्कांनी एक पुस्तिका लिहिली होती, ज्वारीच्या पदार्थांची. परभणीच्या एका छापखान्यातून दोनशे प्रती छापून आणल्या आणि खाणावळीत येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना वाटल्या. स्वयंपाकघरातलं पुस्तक स्वयंपाकघरातच संपतं. आधी तेल लागतं, मग वाफ, मग ते चुलीच्या तोंडाशी जातं. छापखाना बंद पडून जमाना झाला. अक्कांच्या ट्रंकेत एकही प्रत नव्हती. अप्पांनी गावातली बावीस घरं पालथी घातली. बायकांना पुस्तिका आठवत होती, तिच्यातले पदार्थ पाठ होते, नाव मात्र कुणालाच सांगता येईना आणि कागद कुणाकडेच नव्हता.

"म्हणजे देशात एक प्रत असंल तर तितं," अप्पा म्हणाले. "कायदा हाय. छापलेल्या दर पुस्तकाची एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला जाती. गेली, ती पोचली, हे ह्या पावतीवरून साबित होतं. पण हाय का, हे बघावं लागंल."

"कॉम्प्युटरवर बघता येईल."

"बघितलं. सेवा केंद्रातल्या पोरीला बसवलं दोन तास. गिरजाबाई नावानं कायी निघंना. मला म्हणायलीय, न्हाई अप्पा. म्हणलं, कॉम्प्युटरात न्हाई म्हणजे कपाटात न्हाई, असं कुठं लिहिलंय?"

"पण मी कशाला सोबत?"

अप्पांनी चष्मा खाली घेतला. "मी एकटा जाऊन आलो आन् गावात सांगितलं, तर लोक म्हणतील अप्पा थापा मारायलाय. तुमचं बोट शाईचं हाय. तुमी सांगितलं तर खरं धरतील."

वाचक म्हणून प्रवेश मिळवायला ओळखपत्र लागेल, आणि एखाद्या ग्रंथपालाचं शिफारसपत्र असलं तर बरं, असं अप्पांनी कुठून तरी ऐकलं होतं. त्यांनी पत्र तयार ठेवलं होतं. वाचनालयाच्या शिक्क्याचं, सुवाच्य अक्षरात: 'श्री. मन्मथअप्पा हे इसम मला व्यक्तिशः परिचित असून त्यांचे वर्तन समाधानकारक आहे.' खाली सही: मन्मथअप्पा, ग्रंथपाल.

"अप्पा, हे तुम्हीच तुमच्यासाठी लिहिलंय."

"मंग? गावात दुसरा ग्रंथपाल हाय का?" ते म्हणाले. "आन् 'उत्तम' न्हाई लिहिलं. 'समाधानकारक' लिहिलं. खोटं कशाला?"

परभणी जंक्शनवरून निघालो. एकदा गाडी बदलली. प्रवासात अप्पांनी डब्यातल्या लोकांशी मराठवाडी हिंदीत गप्पा मारल्या. ही हिंदी हैदराबादेकडून आलेली आहे आणि तिच्यात अप्पांना कधीही अडत नाही. अडतं ते ऐकणाऱ्याला. समोरचा प्रवासी मासिक वाचता वाचता वेफर खात होता. अप्पांनी त्याला सांगितलं, "हाताँ तेलकट हैं तुमारे. कागज को तकलीफ होती." त्या माणसानं वेफर संपवले, नळावर जाऊन हात धुतले आणि पुढच्या स्टेशनला डबा बदलला.

ग्रंथालयाच्या फाटकाशी सुरक्षारक्षकानं पिशव्या ठेवून घेतल्या. आत फक्त सुटे कागद आणि शिसपेन्सिल. पेन नाही. खाण्याचं काही नाही. पाण्याची बाटलीही नाही. प्रत्येक बंदी ऐकताना अप्पांचा चेहरा उजळत गेला. "बघा," मला कोपरानं ढोसत ते म्हणाले. "ह्याला म्हणत्यात जाब्ता."

काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. सुती साडी, चष्मा साखळीला. अप्पा त्यांच्यापुढं उभे राहिले आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी दोन्ही हात पुढं केले. तळवे वर, मग पालथे. बाईंनी हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग शांतपणे विचारलं, "कुछ लगा है? फर्स्ट एड चाहिए?"

"नक्को, नक्को. साफ हैं, देख लेव."

"हाँ, साफ हैं," बाई म्हणाल्या. अप्पांनी समाधानानं हात मागं घेतले. शिफारसपत्र बाईंना वाचता येत नव्हतं. शिक्का आणि सही पाहून त्यांनी ते ओळखपत्राच्या झेरॉक्सला टाचून ठेवलं.

सगळं मिळून इथं किती पुस्तकं आहेत, असं अप्पांनी विचारलं. बाईंनी अंदाज सांगितला. अप्पांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला. मग त्यांनी एका ग्रंथपालानं दुसऱ्याला विचारावा तसा प्रश्न विचारला: "धूल का क्या करते?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "लड़ते हैं," त्या म्हणाल्या.

शोध सुरू झाला. लेखिकेचं नाव टाकलं, काही निघालं नाही. सासरचं आडनाव लावून पाहिलं, माहेरचं लावून पाहिलं. नाही. बाईंनी विचारलं, "किताब का नाम?"

"ज्वारी का कुछ तो बी है," अप्पा म्हणाले.

"पूरा नाम?"

अप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आपकी बहन की किताब है, और नाम नहीं मालूम?"

बाईंच्या विचारण्यात खोच नव्हती. अप्पांनी खिशातून पोहोच-पावती काढून काउंटरवर ठेवली, जणू उत्तर तिच्यावर लिहिलेलं असावं. ज्वारी या शब्दानं बरीच पुस्तकं निघाली: शेतीची, वाणांची, कीडनियंत्रणाची. अप्पांनी यादी दोनदा वाचली. लेखकांच्या रकान्यात अक्कांचं नाव कुठंच दिसेना. पाच वाजता आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी अप्पांनी जाब्ता हा शब्द परत उच्चारला नाही. लॉजवर जाताना एवढंच म्हणाले, "हाय म्हणून निघालो. नसलं तर काय करायचं, हे ठरवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या आधी कामाला लागल्या होत्या. "किताब कहाँ से निकली थी?" त्यांनी विचारलं. "जगह?"

"ताडकळस," अप्पा म्हणाले. "तालुका पूर्णा, जिल्हा परभणी."

लेखक नाही, नाव नाही, तर प्रकाशनाचं गाव घालून बघू, असा बाईंचा हिशेब होता. त्यांनी अक्षरं एकेक विचारून टाइप केली. पडद्यावर एकच नोंद आली. बाईंनी पडदा आमच्याकडं वळवला. मी वाचून दाखवलं.

पुस्तकाचं नाव: घरची ज्वारी. पृष्ठं: अठ्ठेचाळीस. लेखक: रकाना कोरा. प्रकाशक: ग्रंथपाल, वाचनालय, ताडकळस.

"ग्रंथपाल कौन?" बाईंनी विचारलं.

मी अप्पांकडं बोट केलं.

"तो पब्लिशर आप ही हैं," बाई म्हणाल्या. "और आपके पास एक भी कॉपी नहीं?"

"जी न्हाई," अप्पा म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

मी गेलो तेव्हा ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मी काही विचारलं नाही. बातमीदारीत एवढं कळतं की अशा वेळी माणूस आपण होऊन बोलतो.

"प्रत घेऊन आली होती ती माझ्याकडं," अप्पा म्हणाले. "वाचनालयात. पाच-सहा वाचक बसलेले. म्हणली, मन्मथा, हे तुज्या कपाटात ठेव. म्हणलं, बिल कुठाय? न्हाई. मंजूर यादीत हाय का? न्हाई. मंग म्हणलं, अक्का, जाब्त्यात बसत न्हाई. आधी देशाच्या ग्रंथालयात नोंद करून ये, मंग हितं ये." त्यांनी खिशातून पावती काढली. "लोक हसले. मला बी बरं वाटलं, आपुन कसं बोललो म्हणून."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? पदरात पुस्तक घेऊन गेली. रात्री जेवायला गेलो तर रोजच्यासारखं वाढलं. मला वाटलं, मिटलं." त्यांनी पावतीची घडी उलगडली, परत घातली. "मी बोललो ते टोमण्यानं. तिनं केलं ते जाब्त्यानं. पोस्टात जाऊन, रजिस्टर करून. आन् पोहोच आल्यावर मला दाखवली बी न्हाई. अडतीस-चाळीस वर्षं दोन टायमाला वाढलं, पर एका शब्दानं कधी म्हणली न्हाई, की मन्मथा, झाली बग नोंद."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आन् पुस्तक मी उघडलं बी नव्हतं. उघडलं असतं तर आत माझंच पद छापलेलं होतं. तिला वाटलं असंल, पुस्तक म्हणल्यावर ते मन्मथाचं खातं."

मागणीची चिठ्ठी भरली. दोन तासांनी पुस्तिका आली. तपकिरी पाकिटात, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, फिकट पिवळ्या कव्हरची. अप्पांनी ती टेबलावर ठेवली आणि उघडायला गेले तर उघडेना. पहिली दोन पानं सुटी होती; पुढची वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यानं मोठा कागद घडी घालून शिवला होता आणि कड कापायची राहून गेली होती. गावातल्या बायकांनी आपापल्या प्रती विळीवर कापून घेतल्या असणार. ही प्रत कुणी कापली नव्हती. याचा अर्थ ही प्रत आजपर्यंत कुणीही वाचलेली नव्हती.

अप्पांनी ती तशीच उचलून काउंटरवर नेली. "इसको खोलना पडता," ते म्हणाले. "पण मैं नहीं खोलता. सरकारी माल है. तुमीच खोलो, जाब्ते से."

बाईंनी वरिष्ठांना फोन केला. एक गृहस्थ आले, पुस्तिका निरखली, मान डोलावली. बाईंनी खणातून लाकडी पातं काढलं आणि घडीत घालून एकेक पान सोडवायला सुरुवात केली. डॉक्टर टाके घालताना नातेवाईक करतात तसं अप्पांनी तोंड फिरवलं होतं. तरी सूचना चालू होत्या. "हळ्ळू. हळ्ळू, बाई. कागज कच्चा है."

"मैं तीस साल से यही करती हूँ, दादा," बाई म्हणाल्या.

"तो बी हळ्ळू."

झेरॉक्ससाठी अर्ज करता येईल, असं बाईंनी सांगितलं. अप्पा म्हणाले, हातानं लिहून घेतो. तीन दिवस ते सकाळी दार उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर येत. मी एकदा मान लांब करून पुस्तिकेत डोकावलो तर त्यांनी ती झाकली. "तुमच्या नावावर काढलेली न्हाई," ते म्हणाले. मग मी शेजारच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं वाचत बसलो. अधूनमधून पेन्सिल थांबल्याचं कळे. तिकडं बघायचं नाही, एवढं मी पाळलं. एकदा मात्र ते मोठ्यानं हसले आणि सगळ्या खोलीनं वर पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अठ्ठेचाळीसावं पान संपलं. अप्पांनी पुस्तिका पाकिटात घातली, पाकीट बाईंना दोन्ही हातांनी दिलं आणि म्हणाले, "संबालना." बाई म्हणाल्या, संभालने के लिए ही तो रखी है.

परतल्यावर मला वाटलं होतं की अप्पा ही हस्तलिखित प्रत वाचनालयाच्या नोंदवहीत चढवतील. मी तसा मथळाही मनात जुळवला होता. दोन आठवड्यांनी गेलो तर नोंदवहीत काही नव्हतं.

"बिल न्हाई," अप्पा म्हणाले. "हातानं लिहिलेलं हाय. जाब्त्यात बसत न्हाई."

"अप्पा, आता तरी!"

"ऐका तर. हे वाचायचं पुस्तक न्हाईच. करायचं हाय. रविवारी घरी या जेवायला."

अप्पांच्या घरी जेवायला मी आजवर गेलो नव्हतो. गेलेल्या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. एक खोली, मागं स्वयंपाकघर, भिंतीशी चटई. गॅसवर मोठं पातेलं होतं आणि फडताळाला टेकवून ती वही उघडी ठेवली होती. अप्पा कण्या करत होते. ज्वारी भरडून, भिजवून, ताक घालून शिजवायच्या. ते वाचत, करत, परत वाचत. पातेल्यात जे शिजत होतं ते दोन माणसांच्या मानानं फार होतं.

"अप्पा, आपण दोघंच आहोत ना? एवढं कोण खाणार?"

"पान सात," अप्पा म्हणाले आणि बोट ठेवून वाचू लागले. वाचताना त्यांचा आवाज थोडा बदलला. "'हे सहा माणसांचं प्रमाण आहे. माणसं कमी असली तर प्रमाण कमी करू नये. माणसं बोलवावीत.'"

त्यांनी पळी ठेवली आणि दारात गेले. बाहत्तर वर्षांच्या माणसाला हे काम नवीन होतं हे दिसत होतं. आधी ते नुसते उभे राहिले. मग समोरून सायकल घेऊन निघालेल्या कंपाउंडरला त्यांनी हटकलं.

"ओ, कुठं चाललाव?"

"घरी, अप्पा. का? पुस्तक परवाच दिलं मी."

"पुस्तकाचं न्हाई. जेवायला या."

कंपाउंडरनं सायकल थांबवली. "कुणाचं काही आहे का? बारसं-बिरसं?"

"कायी न्हाई. सहा माणसं लागायलेत."

कंपाउंडर आला. पलीकडचे सेवानिवृत्त तलाठी आले, त्यांच्या मंडळी आल्या. शेजारच्या विमलबाई, ज्यांच्याकडून दोन वर्षं भाकरीचं ताट येत होतं, त्या उंबऱ्यावर आल्या आणि तिथंच थांबल्या. "अप्पा, आत येऊ का?" त्यांनी विचारलं. "या की," अप्पा म्हणाले, "ताटं तेवढी आपापली आना, माझ्याकडं दोनच हायेत." ताटं आली. मी धरून पाच जण चटईवर बसलो. अप्पांनी वाढलं. कण्या पातळ झाल्या होत्या आणि मीठ कमी होतं. तलाठ्यांच्या मंडळींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "गिरजाक्काच्या खाणावळीतलंच हाय हे. त्यांच्यात लसूण जास्ती असायचा."

"लसूण पान आठवर होता," अप्पा म्हणाले. "पान उलटायचं ऱ्हायलं."

सगळे हसले, अप्पाही. ते कुणाचंही ताट रिकामं होऊ देत नव्हते. "आणिक घ्या. सहाचं हाय, संपवावं लागंल." मी म्हटलं, अप्पा, तुम्हीच सहावे, बसा आता. ते म्हणाले, वाढणाऱ्यानं शेवटी बसावं, असं लिहिलंय. शेवटी आमची ताटं उचलली गेली तेव्हा त्यांनी आपलं ताट घेतलं, पातेल्याजवळ भिंतीला टेकून बसले आणि पळीकडं हात नेला.

विमलबाईंनी ती आधीच उचलली होती. "बसा अप्पा," त्या म्हणाल्या. "मी वाढते."

अप्पांनी वहीकडं पाहिलं. दोन पानं मागं उलटली, एक पुढं.

"ह्याचं कायी लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले, आणि ताट पुढं केलं.